तिरके माप, सरळ क्षेत्र : काटकोन त्रिकोणातून कोसाइन कसा काढावा



आडसाली लागणीच्या नोंदी सुरू झाल्या की गट ऑफिसात क्षेत्रावरून एखादे तरी भांडण ठरलेलेच. कुणाची टेप जास्त दाखवते, कुणाचा सातबारा कमी दाखवतो, आणि मध्ये सापडतो आमचा चिटबॉय. यंदाचे भांडण जरा वेगळे होते. त्याच्या निमित्ताने हा पाठ लिहीत आहे. पाठ आहे कोसाइनचा. नाव वाचून पान उलटू नका. दहावीत ज्याने आपल्याला घाम फोडला तोच हा कोसाइन. पण शेतात तो दोरी, टेप आणि गवंड्याची पाण्याची नळी एवढ्यावर निघतो. कोष्टक लागत नाही, कोन मोजण्याचे यंत्रही लागत नाही.

झाले असे. आपले एक जुने सभासद, आपण त्यांना तात्या म्हणू, नोंद घेऊन ऑफिसात आले. दोघा भावांची वाटणी झाली होती. धाकट्या भावाला कालव्याखालचे सपाट रान, तात्यांना डोंगरकडेचे, ठिबकवरचे. वाटणी घरात बसून झाली आणि बांध टेपने मोजून घातला. दोघांनाही शंभर मीटर बाय ऐंशी मीटर. म्हणजे आठ हजार चौरस मीटर, ऐंशी आर. पुढे रीतसर मोजणी झाली. नकाशात धाकट्याचे ऐंशी आर भरले आणि तात्यांचे भरले अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. ऊस नोंद नकाशाप्रमाणे झाली.

"साहेब, टेप माझी, रान माझं. दोघा पोरांनी धरून मोजलंय. वर-खाली शंभर, आडवं ऐंशी. ऐंशी आर होतात का नाही?"

"होतात, तात्या."

"मग दीड गुंठा कुणी खाल्ला? मोजणीवाल्यानं का आमच्या भावानं?"

"कुणीच नाही. तुमची टेपही बरोबर आहे आणि नकाशाही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर कसं असंल?"

प्रश्न अगदी योग्य होता. कागदावर समजावून पटणार नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी रानावर गेलो. तिथे जे केले तेच इथे पायरीपायरीने सांगतो.

उताराच्या मधोमध एक खुंटी ठोकली. तिथून सरळ उताराच्या दिशेने पाच मीटर दोरी जमिनीलगत ताणून दुसरी खुंटी ठोकली. मग पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली. गवंडी जोत्याची पातळी बघायला वापरतो तीच. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर सगळा हिशोब फसतो. नळीचे एक टोक वरच्या खुंटीशी उभे धरले, दुसरे खालच्या खुंटीशी. पाणी स्थिर झाल्यावर दोन्ही टोकांत ते एकाच पातळीवर असते, हा पाण्याचा धर्म. वरच्या खुंटीपाशी पाणी जमिनीपासून 20 सेंटिमीटर उंच दिसले, खालच्या खुंटीपाशी 120. फरक 100 सेंटिमीटर. म्हणजे पाच मीटर तिरके चालले की जमीन एक मीटर खाली उतरते.

आता मनात एक त्रिकोण उभा करा. वरच्या खुंटीपासून हवेत एक आडवी रेघ खालच्या खुंटीच्या बरोबर डोक्यावर येईपर्यंत काढा. तिथून ओळंबा खाली सोडा, तो खालच्या खुंटीवर टेकेल. आडवी रेघ आणि ओळंबा यांच्यात काटकोन. जमिनीवरची तिरकी दोरी ही काटकोनासमोरची, सर्वात लांब बाजू. तिला कर्ण म्हणतात. कर्ण 5 मीटर.

आपल्याला ज्या कोनाशी मतलब आहे तो वरच्या खुंटीपाशी आहे : आडव्या रेघेपासून जमीन किती झुकली तो कोन. त्या कोनाच्या समोर आहे ओळंबा, एक मीटर. आणि त्या कोनाला लागून, कर्ण सोडून जी दुसरी बाजू आहे ती आडवी रेघ. तिला लगतची बाजू म्हणायचे. पुष्कळांची गफलत इथेच होते. लगतच्या तशा दोन बाजू असतात, पण एक कर्ण असतो, तो सोडायचा.

कोसाइन म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण. बस्स, एवढेच.

कर्ण माहीत आहे, समोरची बाजू माहीत आहे, लगतची बाजू पायथागोरसने काढायची. कर्णाचा वर्ग 25. समोरच्या बाजूचा वर्ग 1. वजा केले, राहिले 24. चोवीसचे वर्गमूळ 4.899. ही झाली आडवी रेघ. आता 4.899 भागिले 5, उत्तर 0.9798. हा तात्यांच्या उताराचा कोसाइन.

तात्यांचे शंभर मीटर तिरके होते. त्यांना 0.9798 ने गुणले की आडवे अंतर येते 97.98 मीटर. आडवी बाजू ऐंशी मीटर. ती उताराला आडवी, सपाटच होती, तिला काही करायचे नाही. 97.98 गुणिले 80 म्हणजे 7,838 चौरस मीटर. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार आर. नकाशात होते तेवढेच.

तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाच मीटरच्या दोरीवरनं शंभर मीटरचं कसं सांगता?"

याचे उत्तर महत्त्वाचे आहे, कारण सगळी त्रिकोणमिती यावर उभी आहे. उतार तोच असेल तर दोरी पाच मीटर घ्या, दहा घ्या, शंभर घ्या, त्रिकोणाचा आकार तोच राहतो, फक्त मोठा होतो. पाच मीटरला एक मीटर उतार, तर दहाला दोन, शंभरला वीस. सगळ्या बाजू एकाच पटीत वाढल्या, म्हणून लगतच्या बाजूला कर्णाने भागले की उत्तर तेच येते. कोसाइन हा बाजूचा नाही, कोनाचा गुण आहे. लहान त्रिकोणावर काढावा आणि मोठ्या रानावर वापरावा. मात्र रान वरून खालपर्यंत एकाच उताराचे पाहिजे. मध्येच टप्पा असेल तर टप्प्याटप्प्याने वेगळा कोसाइन काढून बेरीज करावी. आम्ही तात्यांच्या रानात तीन ठिकाणी नळी लावली, तेव्हा 98, 100 आणि 102 सेंटिमीटर उतार आला. तिन्हींची सरासरी घेतली.

आता कुणी म्हणेल, जमीन तिरकी आहे तर ती तिरकीच का मोजू नये? ऊस तर तिरक्या जमिनीवरच उभा आहे.

जमिनीचा नकाशा म्हणजे आकाशातून सरळ खाली बघितल्यावर दिसणारे रान. सपाट कागदावर शेजारशेजारचे गट जुळवायचे तर सगळ्यांची मापे आडवीच घ्यावी लागतात, नाहीतर डोंगराकडच्या गावाचा नकाशा शेजारच्या गावाच्या नकाशाला जुळणार नाही. दुसरे असे की पाऊसही आडव्या क्षेत्रावरच मोजतात. तिरक्या शंभर मीटरवर जेवढा सरळ पाऊस पडतो तेवढाच आडव्या 97.98 मीटरवर पडतो. जास्त नाही.

सावलीने हे आणखी चांगले दिसते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांत मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस असा येतो की मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या दिवशी पाच मीटरचा बांबू तात्यांच्या उताराइतका तिरका धरला, तर सपाट अंगणात त्याची सावली 4.90 मीटर पडेल. कोसाइन म्हणजे तिरक्या वस्तूची ही मध्यान्हीची सावली, असे समजायला हरकत नाही. बांबू जमिनीला टेकवून आडवा ठेवला तर सावली त्याच्या लांबीइतकी, कोसाइन 1. सरळ उभा केला तर सावली नाही, कोसाइन 0. मधल्या सगळ्या तिरकेपणाला कोसाइन 0 आणि 1 च्या मध्ये कुठेतरी. कर्ण ही सर्वात मोठी बाजू असल्याने उत्तर 1 पेक्षा जास्त येऊच शकत नाही. आले तर भागाकार उलटा झाला आहे.

मोबाईल घेऊन बांधाने फिरले की क्षेत्र दाखवतो, तेही असेच वरून बघितलेले, आडवे क्षेत्र असते. पण साध्या मोबाईलची जागा दोन-चार मीटर इकडेतिकडे होते. त्यामुळे दीड गुंठ्याच्या वादात त्याचा दाखला देऊ नये, हे माझे स्पष्ट मत.

वर्गमूळ काढायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती. उताराच्या उंचीचा वर्ग करा आणि दोरीच्या लांबीच्या दुपटीने भागा. जे येईल तेवढी आडवी रेघ दोरीपेक्षा कमी. तात्यांच्या उदाहरणात 1 चा वर्ग 1, भागिले 10, म्हणजे 0.10. पाचातून गेले, 4.90. खरे उत्तर 4.899. शेतीच्या कामाला पुरते. फार खडा चढ असेल तेव्हा मात्र वर्गमूळच काढावे.

या युक्तीने एक मोठी गोष्ट कळते, आणि नदीकाठच्या सभासदांनी ती नीट वाचावी. पाच मीटरला 10 सेंटिमीटर उतार असेल, जो आपल्या बऱ्याचशा काळ्या रानांत असतो, तर फरक येतो पाच मीटरमागे एक मिलिमीटर. एकरात एक चौरस मीटरही जात नाही. 25 सेंटिमीटर उताराला एकरी पाच चौरस मीटर. अर्धा मीटर उताराला एकरी गुंठ्याचा पाचवा भाग. एक मीटर उताराला, म्हणजे तात्यांच्या रानासारख्या चढाला, एकरी पाऊण गुंठ्याच्या थोडे वर. उतार दुप्पट झाला की फरक चौपट होतो, म्हणून लहान उताराचे काही वाटत नाही आणि मोठ्या उताराचे एकदम वाटते.

तेव्हा सपाट रानात एकरी दोन गुंठे कमी भरले आणि कुणी "उतारामुळे" असे सांगितले, तर मानू नका. मग ते आमच्या खात्यातील माणसाने सांगितले तरी मानू नका. ते क्षेत्र पाटात, विहिरीच्या काठात, रस्त्यात, पोटखराब्यात गेलेले असते. किंवा टेप वाकड्या बांधाने धरलेली असते. किंवा लिहिण्यात चूक असते. त्याचा शोध वेगळा घ्यावा आणि गट ऑफिसला फेरमोजणीचा अर्ज द्यावा. कोसाइनच्या नावावर दुसऱ्याची चूक खपवू देऊ नये.

तात्यांचे मात्र खरेच उतारात गेले होते. मी त्यांना सांगितले, उसाचे बिल वजनकाट्यावर निघते, नोंदीच्या क्षेत्रावर निघत नाही, तेव्हा उसाच्या पैशात तुमचे नुकसान नाही. उलट एकरी उतारा काढला तर तुमचाच जास्त दिसेल. पण वाटणीचा प्रश्न वेगळा. ठरले होते निम्मे-निम्मे, आणि कागदावर धाकट्याकडे 1.6 आर जास्त गेले, ही गोष्ट खरी. नकाशात ऐंशी आर भरायचे तर तात्यांचे तिरके माप 100 भागिले 0.9798, म्हणजे 102.06 मीटर असायला हवे होते. बांध दोन मीटर पुढे. धाकटे बंधूही तिथे आले होते. त्यांनी आकडे दोनदा तपासून घेतले आणि "बघू" म्हणाले. पुढे काय झाले ते त्यांच्या घरचे. पण ज्यांच्या वाटण्या व्हायच्या आहेत आणि ज्यांचे एक रान सपाट, एक चढाचे आहे, त्यांनी बांध घालण्याआधी नळी लावावी. बांध घातल्यावर नळी लावली तर पाण्याची पातळी जुळते, माणसांची जुळायला वेळ लागतो.

हे झाले नोंदीचे. खरेदीचा हिशोब नेमका उलटा आहे. पाइप, ठिबकची नळी या वस्तू आकाशातून बघत नाहीत, त्या जमिनीवरून तिरक्याच जातात. म्हणून तिथे नकाशातले अंतर कोसाइनने भागायचे. समजा विहीर खाली आहे, टाकी वर माळावर, नकाशात दोघांमध्ये 240 मीटर. चढ खडा आहे, पाच मीटर दोरीला 1.40 मीटर. वर्ग 1.96. पंचवीसातून गेले, 23.04. वर्गमूळ 4.80. कोसाइन 4.80 भागिले 5, म्हणजे 0.96. पाइप लागेल 240 भागिले 0.96, म्हणजे 250 मीटर. सहा मीटरच्या कांड्या घेतल्या तर नकाशावरून 40 आणल्या असत्या, लागतात 42. चर खणून तयार, माणसे उभी, आणि दोन कांड्यांसाठी तालुक्याला गाडी पाठवायची, असा प्रकार पुष्कळांनी अनुभवला असेल.

तात्यांच्या रानातसुद्धा सरी उताराला आडवी आहे. तिरक्या शंभर मीटरमध्ये 1.20 मीटरच्या 83 सऱ्या बसतात. नकाशातल्या 97.98 वरून हिशोब केला तर 81 येतात. दोन सऱ्यांच्या, प्रत्येकी ऐंशी मीटर, म्हणजे 160 मीटर लॅटरल कमी पडल्या असत्या. लक्षात ठेवायला सोपे : नोंदीला गुणा, खरेदीला भागा.

आता उताराचा विषय सोडून कोसाइनचे दुसरे काम सांगतो. ते सपाट रानातही लागते, आणि माझ्या मते जास्त लागते. तिरका बांध.

रस्त्याकडेचा किंवा ओढ्याकडेचा बांध पुष्कळदा रानाला काटकोनात नसतो. सरी मात्र आपण लांब बाजूला धरून सरळ ओढतो. मग सरी आणि बांध यांच्यात काटकोन राहत नाही. अशा वेळी सरीच्या खुणा बांधावर टेप ठेवून चार-चार फुटांवर केल्या, तर सरीची रुंदी चार फूट येत नाही. कमी येते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, सांगायला लाज नाही. काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या एकरभर रोपलागणीची आखणी मी उभा राहून करून दिली. चार फुटी सरी, दोन फुटांवर रोप. एका रोपाला आठ चौरस फूट. एकराचे 43,560 चौरस फूट भागिले आठ, म्हणजे 5,445 रोपे. मी 5,500 मागवायला सांगितली. लागण संपत आली तेव्हा रोपे संपली आणि सऱ्या उरल्या. सातशे-आठशे रोपे कमी. सभासद बिचारे म्हणाले, रोपवाटिकेने कमी दिली. मीही आधी तसेच समजलो. ट्रे मोजले, बरोबर होते. मग सरीवर टेप आडवी टाकली तेव्हा उजेड पडला. सरी साडेतीन फुटांचीही नव्हती. उरलेल्या सऱ्यांना रोपे मिळायला तीन आठवडे गेले, तेवढा पट्टा शेवटपर्यंत मागे राहिला. भरणीला लहान ट्रॅक्टर आत जाईना, ती बैलांनी करावी लागली.

त्रिकोण कुठे होता ते बघा. बांधावर पहिल्या सरीची खूण ही एक खूण. तिथून दहा सऱ्या सोडून अकराव्या सरीची खूण, बांधावरून 40 फूट. आता पहिल्या खुणेपासून अकराव्या सरीवर काटकोनात एक दोरी टाकायची. काटकोन गुण्याने बघावा, नाहीतर दोरीवर 3, 4, 5 फुटांच्या गाठी मारून घ्यावा, घराचा पाया आखताना गवंडी करतो तसा. ही दोरी भरली 34 फूट 8 इंच, म्हणजे 34.67 फूट. काटकोन अकराव्या सरीवर झाला, त्यामुळे त्याच्यासमोरची बांधावरची बाजू हा कर्ण, 40 फूट. पहिल्या खुणेपाशी जो कोन आहे त्याची लगतची बाजू ही काटकोनातली दोरी. कोसाइन 34.67 भागिले 40, म्हणजे 0.867.

एका सरीमागे 4 गुणिले 0.867, म्हणजे 3.47 फूट. जेमतेम तीन फूट साडेपाच इंच. एका रोपाला आठऐवजी 6.94 चौरस फूट, आणि एकराला 5,445 ऐवजी 6,280 च्या आसपास रोपे. माझी मागणी पावणेआठशेने कमी पडली ती अशी. चार फूट खरी रुंदी हवी होती तर बांधावर खुणा 4 भागिले 0.867, म्हणजे 4.61 फुटांवर, चार फूट साडेसात इंचांच्या जवळपास करायला पाहिजे होत्या. पुढे यंत्राने तोडणी करण्यासाठी ज्यांनी पाच फुटी सरी धरली आहे, त्यांनी तर हे जरूर पाहावे. अशा बांधावर पाच फुटांच्या खुणांची सरी साडेचार फुटांच्याही आत येते, आणि मग यंत्र सरीवर न चालता उसाच्या खोडव्यावर चालते.

एका सरीवर मोजू नका, दहा सऱ्यांवर मोजा. एका सरीवर टेपची इंचभर चूक फार मोठी, दहा सऱ्यांत ती वाटली जाते.

त्या बांधाचा कोन किती होता? जवळजवळ 30 अंश. हे कसे कळले, तर 30 आणि 60 अंशांचे कोसाइन दोरीनेच काढता येतात. दोन-दोन मीटरच्या तीन बाजूंचा त्रिकोण दोरीने आखा. तिन्ही कोन 60 अंशांचे. वरच्या टोकापासून खालच्या बाजूच्या मधोमध रेघ ओढा, दोन काटकोन त्रिकोण झाले. एकेकाचा कर्ण 2 मीटर, पाया 1 मीटर, मधली रेघ तीनचे वर्गमूळ म्हणजे 1.732 मीटर. 60 अंशांची लगतची बाजू पाया, कोसाइन 1 भागिले 2, म्हणजे 0.5. वरचा कोन निम्मा होऊन 30 अंशांचा झाला, त्याची लगतची बाजू मधली रेघ, कोसाइन 1.732 भागिले 2, म्हणजे 0.866. आपला आला होता 0.867.

ज्यांच्याकडे मोबाईल आहे ते म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, बटण दाबले की कोसाइन येतो. येतो. पण आधी कोन माहीत पाहिजे, आणि कोन मोजण्यापेक्षा बाजू मोजणे सोपे आणि खात्रीचे. दुसरे, मोबाईलवर कोनाची दोन मापे असतात, अंश आणि रेडियन. 30 चा कोसाइन दाबल्यावर 0.866 आला तर ठीक, 0.154 आला तर तो रेडियनवर आहे, अंशावर करून घ्यावा.

जाता जाता नावाबद्दल थोडे. हे सगळे बाहेरून आलेले आहे असे नाही. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या लीलावतीत काटकोन त्रिकोणाच्या बाजूंना भुज, कोटी आणि कर्ण अशी नावे आहेत, आणि कोसाइनला आपल्याकडचा जुना शब्द कोटिज्या. इंग्रजी नाव मात्र 1620 साली एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने रूढ केले. कोटिकोनाचा साइन म्हणून को-साइन. 60 आणि 30 ची बेरीज 90, म्हणून 60 चा साइन तोच 30 चा कोसाइन. मजा अशी की जमीन मोजायची 66 फुटी, शंभर कड्यांची साखळी याच गंटरची. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे त्या साखळीची बरोबर निम्मी बाजू. साखळी आणि कोसाइन एकाच माणसाच्या हातून आले, आणि आपण साखळी घेतली, कोसाइन शाळेत सोडून आलो.

सरावासाठी दोन उदाहरणे देतो. घरातल्या नववी-दहावीच्या मुलामुलींना घेऊन करावीत, शक्य असल्यास रानातच करावीत.

पहिले. दोरी 5 मीटर, नळीने उतार 60 सेंटिमीटर. रान तिरके 120 मीटर, उताराला आडवे 50 मीटर. नकाशात क्षेत्र किती भरेल?

दुसरे. तिरक्या बांधावर 1.30 मीटरवर खुणा केल्या आहेत. दहा सऱ्यांना बांधावर 13 मीटर होतात, आणि काटकोनात टाकलेली दोरी 12 मीटर भरते. सरीची खरी रुंदी किती? आणि खरी रुंदी 1.50 मीटर हवी असेल तर खुणा किती अंतरावर कराव्यात?

उत्तरे : पहिल्यात कोसाइन 0.9928, आडवे अंतर 119.13 मीटर, क्षेत्र 59.57 आर. दुसऱ्यात कोसाइन 0.923, खरी रुंदी 1.20 मीटर, दीड मीटरसाठी खुणा 1.625 मीटरवर, म्हणजे 1 मीटर साडेबासष्ट सेंटिमीटरवर.

पाण्याची नळी प्रत्येक गट ऑफिसात ठेवलेली आहे. चिटबॉयला आदल्या दिवशी सांगितले तर तो घेऊन येईल. दोरी आणि खुंट्या आपल्या आणाव्यात.